दंड नव्हे, भाडं!

साठ मिनिटांचा खेळ संपायला तीन तासांहून अधिक वेळ लागतो आणि त्या तीन तासांत चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम अकरा मिनिटे! हे कोडे नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१० साली काही सामने घड्याळ लावून तपासले आणि हा हिशेब मांडला. मग उरलेल्या वेळात चालते तरी काय? खेळाडू घोळका करून कुजबुजतात, प्रशिक्षक ओठ कुणी वाचू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरून बोलतात, पंच पिवळी फडकी फेकतात आणि ती कशाबद्दल फेकली हे माइकवरून साऱ्या मैदानाला समजावून सांगतात. मधून मधून जाहिराती. पाच दिवसांच्या कसोटी सामन्यांवर वाढलेल्या आपण मंडळींनी संथपणाबद्दल दुसऱ्याला नावे ठेवू नयेत हे खरे. पण जरा नीट पाहिले की ध्यानात येते, खरा खेळ त्या रिकाम्या वाटणाऱ्या वेळातच रंगलेला असतो. तो चेंडूशी नसतो, घड्याळाशी असतो.

तिथे एका मिनिटाची किंमत काय असते, याचा धडा अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कंपनीने फार पूर्वी घेतला आहे. १७ नोव्हेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्क जेट्स आणि ओकलंड रेडर्स यांचा सामना चालू होता. जेट्स ३२-२९ असे पुढे होते आणि ६५ सेकंद उरली होती. संध्याकाळचे सात वाजले आणि ‘एनबीसी’ने देशाच्या मोठ्या भागात सामना तोडून ठरल्याप्रमाणे ‘हायडी’ हा मुलांचा चित्रपट सुरू केला. डोंगरात राहणारी एक गोड मुलगी पडद्यावर आली आणि तिकडे ओकलंडला रेडर्सनी त्या ६५ सेकंदांत दोन टचडाऊन करून सामना ४३-३२ असा जिंकला. चिडलेल्या प्रेक्षकांच्या दूरध्वनींनी कंपनीचे टेलिफोन बंद पडले. आजही तो सामना ‘हायडी गेम’ म्हणूनच ओळखला जातो.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे गेलो की सप्टेंबरनंतरचे रविवार नातवाशेजारी सोफ्यावर बसून या खेळात जातात. नातू नियम सांगतो, मी हिशेब करतो. आणि गेली काही वर्षे माझी खात्रीच पटत चालली आहे, की हा खेळ पहिलवानांनी खेळायचा असला तरी तो कळायला बँकेतला माणूस लागतो!

चार चलने

थोडक्यात नियम सांगतो. यार्ड म्हणजे आपला वार. चेंडू असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायचे असते, म्हणजे नऊवारी लुगड्याहून एक वार जास्त. त्यासाठी चार प्रयत्न मिळतात. जमले तर पुन्हा नवे चार प्रयत्न, नाही जमले तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. चेंडू घेऊन पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचला की टचडाऊन, त्याचे सहा गुण. लाथेने चेंडू खांबांमधून घातला तर तीन. आणि आपल्याच टोकाच्या पट्ट्यात चेंडूसकट पकडले गेलात, तर प्रतिस्पर्ध्याला दोन गुण बहाल. याला ‘सेफ्टी’ म्हणतात.

आता घड्याळ. चेंडू घेऊन धावणारा मैदानात पाडला गेला तर घड्याळ चालू राहते. फेकलेला चेंडू कुणी झेललाच नाही तर ते थांबते. शेवटच्या मिनिटांत खेळाडू चेंडूसकट रेषेबाहेर गेला तरी थांबते. शिवाय प्रत्येक संघाला प्रत्येक अर्धात तीन वेळा ‘टाइमआउट’ मागून ते थांबवता येते. एक चाल संपली की पुढची सुरू करायला चाळीस सेकंद मिळतात.

म्हणजे या खेळात चार चलने आहेत : गुण, यार्ड, प्रयत्न आणि सेकंद. सामना सुरू होताना सेकंद अगदी स्वस्त असतात, कुणी त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांचा भाव असा चढतो की बाकीची तिन्ही चलने देऊन लोक सेकंद विकत घ्यायला धावतात. पिछाडीवरच्या संघाला घड्याळ थांबवायचे असते. त्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल रचणारा मुख्य खेळाडू, चेंडू हातात येताच जमिनीवर आपटतो. एक प्रयत्न फुकट गेला, पण घड्याळ थांबले. याला ‘स्पाइक’ म्हणतात. एरवी पकडले जाऊ नये म्हणून चेंडू मुद्दाम वाया घालवणे हा गुन्हा आहे. इथे मात्र नियमाने त्याला सूट दिली आहे. हा झाला सरळ, कायदेशीर विनिमय.

आघाडीवरच्या संघाचा प्रश्न उलटा. त्याला सेकंद जाळायचे असतात. त्याचा क्वार्टरबॅक चेंडू घेतो आणि सरळ एक गुडघा टेकून बसतो. चाल संपली. घड्याळ मात्र चालूच. असे तीन वेळा बसले आणि समोरच्याकडे टाइमआउट उरले नसतील तर दोन मिनिटे सहज उडतात. प्रथम पाहणाऱ्याला हे विचित्र वाटते. आडदांड देहाची माणसे समोरासमोर उभी आणि मधोमध एक जण देवापुढे टेकावा तसा गुडघा टेकतो आहे! पण कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे नवे नाही. आघाडीवरच्या संघाचा चढाईपटू पलीकडे जातो, निदान रेषेला पाय लावून आपली तीस सेकंद खाऊन मोकळ्या हाताने परत येतो, तो दुसरे काय करतो? म्हणूनच तर सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ हा नियम आणावा लागला.

गुडघा टेकण्यालाही इतिहास आहे. पूर्वी असे बसणे फारसे मर्दपणाचे मानत नसत. १९ नोव्हेंबर १९७८ रोजी न्यू जर्सीच्या मैदानावर न्यूयॉर्क जायंट्स १७-१२ असे पुढे होते. अर्ध्या मिनिटाचाच काय तो खेळ उरला होता आणि फिलाडेल्फिया ईगल्सकडे एकही टाइमआउट नव्हता. जायंट्सच्या जो पिसार्चिकने खाली बसायचे, की सामना खिशात. पण वरून चाल आली, चेंडू लॅरी झोंकाच्या हाती दे. देताना चेंडू निसटला. ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्सने तो उचलला आणि २६ यार्ड धावत जाऊन टचडाऊन केला. ईगल्स १९-१७ विजयी! ती चाल सांगणाऱ्या प्रशिक्षकाची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. त्यानंतर गुडघा टेकण्यासाठी खास रचना तयार झाली. क्वार्टरबॅकच्या मागे, चेंडू निसटलाच तर धावणाऱ्याला अडवायला, एक जण राखणीला उभा करू लागले. तिला ‘विजयाची रचना’ असे भारदस्त नाव मिळाले. तेव्हापासून कुणाला त्यात लाज वाटेनाशी झाली.

दंडव्याजाचा धडा

इथे बँकेतली एक गोष्ट सांगायला हवी. मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. तिथला एक कापडाचा व्यापारी कर्जाचा हप्ता कधी वेळेवर भरत नसे. दर वेळी आम्ही दंडव्याज लावायचो आणि तो मुकाट्याने ते भरायचा. हुज्जत नाही, विनवण्या नाहीत. एकदा मी त्याला केबिनमध्ये बोलावून म्हटले, ‘‘शेठ, दर महिन्याला दंड भरता, बरं दिसतं का?’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, तुम्ही त्याला दंड म्हणता. माझ्या लेखी ते भाडं आहे. बाजारात सावकाराकडून पैसा उचलला तर याच्या दुप्पट जातात.’’

दंड ठरवणारा नेहमी असे धरून चालतो, की दंड कुणालाच नको असणार. पण दंडाच्या रकमेपेक्षा गुन्ह्यातून होणारा फायदा जास्त असला की तो दंड उरत नाही, दरपत्रक होते. अमेरिकन फुटबॉलच्या नियमांमधली बहुतेक भोके नेमकी इथे आहेत. नियमभंगाची शिक्षा यार्डांत मोजली जाते आणि गुन्हा करणाऱ्याला हवे असतात सेकंद. एका चलनातला दंड दुसऱ्या चलनातला नफा कसा रोखणार?

३ फेब्रुवारी २०१३ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे या खेळाच्या अंतिम सामन्यात, दोन सख्खे भाऊ प्रशिक्षक म्हणून समोरासमोर उभे होते. बाल्टिमोर रेव्हन्सचे जॉन हार्बो आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नाइनर्सचे जिम हार्बो. शेवटची बारा सेकंद उरली होती. रेव्हन्स ३४-२९ असे पुढे होते, पण चेंडू त्यांच्याच टोकाशी अडकला होता. एरवी तिथून चेंडू लाथेने लांब उडवतात. रेव्हन्सच्या सॅम कोकने तो उडवलाच नाही. हातात घेऊन तो आपल्याच पट्ट्यात इकडून तिकडे फिरत राहिला आणि त्याचे साथीदार समोरच्यांना खुशाल मिठ्या मारून धरत राहिले. अशी धरपकड नियमबाह्य आहे. पण त्या जागी तिची शिक्षा काय, तर सेफ्टी! तीच तर त्यांना द्यायची होती. आठ सेकंद खाऊन कोक रेषेबाहेर गेला. दोन गुण गेले, ३४-३१ झाले. चार सेकंद उरली आणि त्यांत धाकट्या भावाच्या संघाला काही करता आले नाही. दोन गुणांना आठ सेकंद, हा त्या दिवशीचा भाव होता.

२७ नोव्हेंबर २०१६ रोजी जॉन हार्बोंनी हेच सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध आणखी सफाईने केले. आघाडी १९-१२, उरलेली सेकंद अकरा. या वेळी साऱ्यांनी मिळून समोरच्यांना इतके घट्ट धरले की कोक चेंडू घेऊन नुसता उभा राहिला. घड्याळ शून्यावर आले, तेव्हा तो बाहेर गेला. बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीवर सामना संपू शकत नाही. चेंडू असलेल्या संघाच्या चुकीवर मात्र संपू शकतो. संपला! १९-१४. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, नियम आला : घड्याळ खाण्यासाठी एकाच चालीत अनेकांनी मुद्दाम चुका केल्या तर पंधरा यार्ड दंड आणि खाल्लेला वेळही परत.

याहून रंगतदार प्रकार बिल बेलिचिक यांचा. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे हे तत्कालीन प्रशिक्षक नियमांचे पुस्तक उशाशी घेऊन झोपत असावेत असे वाटण्याइतके त्यात मुरलेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये जेट्सविरुद्ध ते ३३-० असे पुढे असताना त्यांनी एक युक्ती केली. चेंडू लांब उडवायची वेळ आली. त्यांनी चाल मुद्दाम वेळेत सुरूच केली नाही. पाच यार्ड दंड. पंचांनी खूण करताच घड्याळ पुन्हा चालू. मग एक खेळाडू मुद्दाम आधीच हलला. पुन्हा पाच यार्ड, पुन्हा घड्याळ चालू. चेंडू उडवायचाच असताना पाच-दहा यार्ड मागे गेल्याने कुणाचे काय बिघडते? बेलिचिक मैदानाकडेला मिस्कील हसत उभे होते.

पण गुरूची विद्या गुरूला फळते! ४ जानेवारी २०२० रोजी बाद फेरीच्या सामन्यात टेनेसी टायटन्सचे प्रशिक्षक माइक व्रेबेल १४-१३ असे पुढे होते. व्रेबेल हे बेलिचिक यांच्याच हाताखाली अनेक वर्षे खेळलेले. त्यांनी शेवटच्या टप्प्यात तोच प्रयोग केला. आधी उशीर, मग आधीच हलणे, त्यात पेट्रियट्सच्या खेळाडूचीही एक चूक. बघता बघता दोन मिनिटांच्या आसपास वेळ वाहून गेला. या वेळी बेलिचिक हसत नव्हते. पंचांवर ओरडत होते. टायटन्स २०-१३ असे जिंकले आणि त्याच वर्षी हेही भोक बुजवण्यात आले.

ताजे उदाहरण महाविद्यालयीन फुटबॉलमधले. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ओरेगन ओहायो स्टेटविरुद्ध ३२-३१ असे पुढे असताना दहा सेकंद उरली होती. ओरेगनचे अकराऐवजी बारा खेळाडू बचावाला उतरले. ओहायोचा पास कुणाला मिळाला नाही. बाराव्या माणसाबद्दल पाच यार्डांचा दंड झाला, पण चार सेकंद गेली ती गेलीच. ओहायोकडे उरली सहा. हे चुकून झाले नव्हते, याचा सराव केला होता, असे ओरेगनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी पुढे सूचकपणे सांगितले. आठवडाभरात नियम दुरुस्त झाला. आता अशा वेळी समोरच्या संघाला घड्याळ मागे घ्यायला लावता येते.

बँकेत आम्हाला मुख्य कचेरीकडून परिपत्रके येत. वरवर रूक्ष वाटणाऱ्या त्या कागदांत जुने लोक वेगळेच काही वाचायचे. ‘यापुढे अमुक करताना तमुक कागद घेतल्याखेरीज...’ असे वाक्य आले की आमचे हेडकॅशियर चष्मा वर करून म्हणायचे, ‘‘कुठल्या तरी शाखेत कुणी तरी हात मारलेला दिसतोय.’’ फुटबॉलचे नियमपुस्तकही असेच वाचावे. त्यातल्या प्रत्येक विचित्र कलमामागे एक तारीख आहे आणि एक शहाणा माणूस आहे.

अडगळीतली कलमे

काही कलमे मात्र उलटी. त्यांच्यामागचा माणूस कधीच काळाच्या पडद्याआड गेला, पण कलम अडगळीत तसेच पडून आहे. हा खेळ रग्बीतून फुटून निघालेला. रग्बीतला एक जुना हक्क त्यात शिल्लक आहे. समोरच्याने उंच उडवलेला चेंडू झेलताना ‘मी पळणार नाही, मला पाडू नका’ अशी हात हलवून खूण केली आणि झेल घेतला, तर त्या जागेवरून खांबांच्या दिशेने मोकळी लाथ मारण्याचा अधिकार मिळतो. समोरच्यांनी दहा यार्ड दूर उभे राहायचे, अडवायला धावायचे नाही. हा हक्क कुणी वापरत नाही, कारण तो उपयोगी पडेल अशी वेळ फार क्वचित येते.

ती वेळ १९ डिसेंबर २०२४ रोजी आली. लॉस एंजेलिस चार्जर्स डेन्व्हर ब्रॉन्कोजविरुद्ध मागे पडले होते. मध्यंतराआधी घड्याळ शून्यावर आले, पण झेल घेणाऱ्याला डेन्व्हरच्या खेळाडूने धक्का दिल्याने चार्जर्सना पंधरा यार्ड पुढची जागा मिळाली. प्रशिक्षकांनी तो विसरलेला हक्क मागितला. कॅमेरॉन डिकरने ५७ यार्डांवरून चेंडू खांबांमधून घातला. असे यापूर्वी घडले होते १९७६ साली, तेही चार्जर्सच्याच रे वर्शिंगकडून! सामना चार्जर्सनी ३४-२७ असा जिंकला. हे प्रशिक्षक कोण? तर सुपर बोलमध्ये सेफ्टीची चाल पाहून हात चोळत राहिलेले धाकटे बंधू, जिम हार्बो. ‘‘आजोबा, हा नियम आहे हे मलापण माहीत नव्हतं,’’ असे नातवाने कबूल केले, तेव्हा मला थोडा आनंद झाला, खोटे कशाला बोलू!

तसेच ‘ड्रॉप किक’चे. चेंडू हातातून सोडायचा, तो जमिनीवर टप्पा घेऊन वर येताना लाथ मारायची. चेंडूची टोके निमुळती झाली तशी ही कला मेली. १ जानेवारी २००६ रोजी पेट्रियट्सच्या डग फ्लूटीने आपल्या कारकिर्दीतल्या अखेरच्या सामन्यात ती मारून एक गुण मिळवला. त्याआधीची यशस्वी ड्रॉप किक १९४१ सालची होती! मैदानाकडेला, अर्थातच, बेलिचिक होते आणि ते खुशीत होते.

नियम गप्प असला तर काय होते, हे डिसेंबर १९८२ मध्ये दिसले. पेट्रियट्स आणि मायामी डॉल्फिन्स यांचा सामना बर्फवृष्टीत ०-० असा अडकला होता. पेट्रियट्सना लाथ मारायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकाने खुणावले आणि रेषा साफ करण्यासाठी ठेवलेले बर्फ काढायचे यंत्र वळून आले, नेमकी चेंडू ठेवायची जागा साफ करून गेले. पेट्रियट्स ३-० असे जिंकले. यंत्र चालवणारा होता तुरुंगातून त्या दिवसापुरता कामावर सोडलेला एक कैदी. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक डॉन शूला संतापले, पण दाखवायला कलमच नव्हते. पुढे बंदी आली.

हातचा घास सोडताना

या सगळ्या चलाखीत मला सर्वांत भावलेली गोष्ट वेगळीच आहे. मिळणारे गुण नाकारण्याची. १६ डिसेंबर २००७ रोजी डॅलसमध्ये ईगल्सचा ब्रायन वेस्टब्रूक चेंडू घेऊन सुसाट सुटला. समोर कुणी नाही. ईगल्स १०-६ असे पुढे होते, दोन मिनिटांच्या आसपास वेळ होता आणि डॅलसकडे टाइमआउट नव्हते. टचडाऊन केला असता तर चेंडू डॅलसकडे गेला असता, एक संधी त्यांना मिळाली असती. वेस्टब्रूक एक यार्ड अलीकडे थांबला आणि खाली बसला. मग तीनदा गुडघा टेकणे आणि सामना समाप्त. लाखो लोक पाहत असताना, नावावर सहा गुण लागणार असताना, एका यार्डावर थांबायचे याला मन मारावे लागते.

ते नेहमी जमतेच असे नाही. ५ फेब्रुवारी २०१२ च्या सुपर बोलमध्ये पेट्रियट्स १७-१५ असे पुढे होते, पण चेंडू जायंट्सकडे होता, तोही पट्ट्याच्या अगदी तोंडाशी. बेलिचिक यांनी हिशेब केला : हे वेळ खाऊन शेवटच्या क्षणी लाथेने तीन गुण घेणार, त्यापेक्षा आत्ताच सहा घेऊ द्या, आपल्याला वेळ तरी उरेल. त्यांनी वाट मोकळी सोडली. जायंट्सच्या अहमद ब्रॅडशॉला मागून ओरडून सांगितले जात होते, थांब, थांब! तो रेषेपाशी पोहोचला, थबकला, वळला आणि तोल जाऊन उलटा पट्ट्यात बसला. एक संघ गुण द्यायला धडपडतो आहे आणि दुसरा ते टाळायला! ५७ सेकंद उरली. जायंट्सचे नशीब, पेट्रियट्सना त्यांत काही साधले नाही आणि सामना २१-१७ असा जायंट्सचा झाला.

इथवर सारे विनिमयाचे व्यवहार. पण प्रत्येक बाजारात खोट्या नोटाही येतात. १० सप्टेंबर १९७८ रोजी सॅन डिएगोत रेडर्स मागे होते आणि दहा सेकंद उरली होती. पकडला जात असलेल्या केन स्टेबलरच्या हातून चेंडू पुढच्या बाजूला ‘निसटला’. दुसऱ्याने तो ‘उचलताना’ आणखी पुढे ढकलला, तिसऱ्याने पायाने लोटत पट्ट्यात नेऊन त्यावर उडी घेतली. रेडर्स २१-२० विजयी. चेंडू आपण मुद्दामच टाकला, हे स्टेबलरने नंतर सांगितले. पुढच्या वर्षी नियम झाला : अखेरच्या दोन मिनिटांत निसटलेला चेंडू ज्याच्या हातून निसटला त्यानेच पुढे न्यायचा. १९९४ साली डॅन मरिनोने स्पाइकची खूण केली. जेट्सचे बचावपटू सैलावले आणि त्याने चेंडू आपटण्याऐवजी फेकून टचडाऊन मिळवला. डॉल्फिन्स २८-२४ असे जिंकले. यातली पहिली गोष्ट लबाडी आणि दुसरी हुशारी, असे बहुतेक जण म्हणतात. दोहोंमधली रेषा कुठे आखायची, यावर मात्र आमच्या सोफ्यावरही एकमत झालेले नाही.

पाचवा प्रयत्न

ही रेषा नियमपुस्तक आखू शकत नाही, हे सांगणारे दोन सामने आहेत. दोन्हींत पंचांची एकच चूक झाली. चारऐवजी पाच प्रयत्न दिले गेले.

६ ऑक्टोबर १९९० रोजी कोलोरॅडो विद्यापीठ मिझुरीविरुद्ध अखेरच्या अर्ध्या मिनिटात पट्ट्याच्या तोंडाशी होते. मधल्या एका टाइमआउटनंतर प्रयत्नाचा आकडा दाखवणारी पाटी बदलायची राहिली. त्या चुकीच्या पाटीवर विसंबून कोलोरॅडोने आपला खरा चौथा प्रयत्न घड्याळ थांबवण्यासाठी जमिनीवर आपटून घालवला. खरे तर सामना तिथेच हरला. पण पंचांनी आणखी एक प्रयत्न दिला, त्यात टचडाऊन झाला, निकाल ३३-३१. कोलोरॅडोने विजय ठेवून घेतला आणि त्या मोसमात राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले, निदान अर्धे. ते जॉर्जिया टेकबरोबर विभागले गेले. नियमाने त्यांचे काही चुकले नव्हते. मोजणे पंचांचे काम. त्यांचे प्रशिक्षक बिल मॅकार्टनी यांनी बऱ्याच वर्षांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला.

त्याच्या पन्नास वर्षे आधी, १६ नोव्हेंबर १९४० रोजी, कॉर्नेल विद्यापीठ डार्टमथशी खेळत होते. कॉर्नेलचा संघ दीर्घकाळ अपराजित होता. सामन्याच्या अखेरच्या क्षणी त्यांनी टचडाऊन करून ७-३ असा विजय मिळवला. नंतर सामन्याची चित्रफीत धुऊन आली. ती पाहताना प्रयत्न मोजले गेले : एक, दोन, तीन, चार, पाच. पंचांनीही चूक मान्य केली. पण सामना संपला होता आणि झालेला निकाल बदलण्याची तरतूद नियमात नव्हती.

कॉर्नेलने डार्टमथला तार केली, आम्ही हा विजय सोडतो. डार्टमथने तो स्वीकारला. आजही नोंदवहीत त्या सामन्याचा निकाल डार्टमथ ३, कॉर्नेल ० असाच आहे.

हा व्यवहार मी माझ्या चार चलनांत बसवून पाहिला. बसत नाही. गुण गेले, अपराजित राहण्याचा मान गेला, आणि बदल्यात यार्ड, प्रयत्न, सेकंद यांपैकी काही मिळाले नाही. व्यापारी शेठना विचारले असते तर म्हणाले असते, साहेब, यात सरळ नुकसान आहे. आणि तेही चुकीचे ठरले नसते.

खेळाचे नियम दर वर्षी सुधारत जातील. एक भोक बुजेल, कुणी तरी दुसरे शोधेल, आपण टाळ्या वाजवू, मीही वाजवतो. शोधणाऱ्याच्या बुद्धीला दाद द्यायलाच हवी. पण कॉर्नेलची ती तार कुठल्याही कलमाने पाठवायला लावली नव्हती. म्हणूनच तिला ऐंशीहून अधिक वर्षे झाली तरी तिच्यामुळे एकही नियम बदलावा लागलेला नाही.